फौजदाराचं बक्कल

इथे अमेरिकेत, श्रूजबरीतल्या माझ्या एका मित्राच्या हॉलमध्ये, काचेच्या फ्रेममध्ये पट्ट्याचं पितळी बक्कल लावलेलं आहे. त्याचे पणजोबा इंग्रजांच्या काळात फौजदार होते. शेजारी त्यांचा फोटो: पगडी, मिशा, ताठ मान. पॉटलकच्या जेवणाला कुणी नवीन आलं की विचारतंच, आणि हा सुरू होतो. माझा नुसता जळफळाट व्हायचा. आमच्याकडे पणजोबांच्या नावापलीकडे काही म्हणजे काही नव्हतं.

शेवटी मी गावाकडच्या चुलतभावाच्या मागे लागलो, काहीतरी शोध म्हणून. परवा त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या रजिस्टरच्या एका पानाचा फोटो पाठवला. आमचे पणजोबाही पोलिसांच्या दप्तरात होते, पण संशयितांच्या यादीत. रोज संध्याकाळी त्यांना चावडीवर हजेरी द्यावी लागायची. गुन्हा काय, ते कुठेच लिहिलेलं नाही. खाली अंगठा आणि वर वर्णन: डाव्या भुवईवर व्रण, बोलताना मान कलती, चालताना उजवा खांदा पुढे.

मी फोन ठेवला आणि ड्राइव्हवेवर चालून पाहिलं. मुलीला विचारलं, माझा खांदा पुढे जातो का. ती म्हणाली, “बाबा, यू ऑलवेज वॉक लाइक दॅट.”

मित्राकडे फोटो आहे, बक्कल आहे. पण त्याचे पणजोबा चालायचे कसे, हे त्याला जन्मात कळणार नाही. हे त्याला ऐकवायला माझी जीभ सारखी वळवळते.

पण मग मला कुठून कळलं, तेही सांगावं लागेल.