तार उनी का?

"तार उनी का, देखा बरं," असं म्हणून तिनं झाऱ्यावरचा पाकाचा थेंब माझ्या अंगठ्यावर टेकवला. उनी म्हणजे आली. आम्ही खानदेशातले, सुरतेत जन्म गेला तरी घरात असंच बोलतो. मी अंगठ्यावर बोट दाबलं आणि हळूच उचललं. मध्ये बारीक तार धरली, लगेच तुटली.

"तुटली," मी म्हणालो.

"मंग थांबा जरासं. घाई काय शे?"

शनिवारची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी बारडोलीकडच्या एका गावात शेतकरी बायांचं शिबिर होतं, आणि त्यात आमच्या हिला अर्धा तास मिळाला होता. समोर बाया बसवून, हातात माईक घेऊन गुळाचा पाक शिकवायचा. त्या अर्ध्या तासासाठी ती किती वर्षं झुरली ते सांगतोच. त्या संध्याकाळी तिची तयारी चालली होती आणि मी तिचं माप होतो.

मला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही. पण कडोदऱ्याच्या लूमवर माझा जन्म गेला. तिथं सुताच्या धाग्याला तारच म्हणतात. तार तुटली की मशीन थांबतं, मग चिमटीत धरून गाठ मारायची. ती म्हणायची, "तुमना डोळास्ले काही दिसत नाही, कानले ऐकू येत नाही, पण बोटले तार कळस." एवढंच एक कौतुक मला आयुष्यात मिळालं. तेही दोन शिव्यांच्या मागून.

तिचं नाव मी लिहीत नाही. लग्नात एकदा घेतलं होतं, तेही लोकांनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर गरज पडली नाही.

तुमच्या गल्लीतही अशी एखादी बाई असेल, बघा. जिथं चार माणसं जमली तिथं ही पाचवी. सुरतेच्या पर्वत पाटिया भागात आमची खोली, तिसऱ्या माळ्यावर. शेत आमच्या सात पिढ्यांत नव्हतं. गावाला होतो तेव्हाही दुसऱ्याच्या रानात राबायचो. इथं ती घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. आणि रविवार आला की टिकल्या बाजूला सारून शेतकऱ्यांच्या शिबिराला निघायची. लोक देवाला जातात, ही ठिबक सिंचनाला जायची.

हे वेड लागलं कसं, ते ऐका.

शेजारच्या सविताबेनचं माहेर बारडोलीकडचं. सगळा उसाचा मुलूख. एकदा नळावर सविताबेन म्हणाली, "रविवारे अमारा गाममां शेरडीना पाकनी तालीम छे, चाल ने." शेरडी म्हणजे ऊस, तालीम म्हणजे शिकवणी, एवढं हिला कळत होतं. आणि पाक म्हणजे पाक, त्यात विचारायचं काय? हिला वाटलं, उसाच्या रसाचा पाक कसा करायचा ते शिकवणार. पिशवीत झारा घातला. मला म्हणाली, "तुम्ही बी चला. तार बघाले कोनी पाहिजे."

गेलो. डेअरीच्या आवारात मंडप होता, चारशे खुर्च्या असतील नसतील, पुढे साहेब. आम्ही मागं बसलो. साहेबांनी गुजरातीत सुरुवात केली. पहिला मुद्दा, पाकाला पाणी कधी द्यायचं.

ही माझ्याकडे बघायला लागली. "पाकले पानी? कोन देस?"

पुढचा मुद्दा, पाकात कीड पडली तर काय करायचं.

"झाकी ठेवानं," ही पुटपुटली. "आनखी काय?"

मग साहेब गंभीर झाले. म्हणाले, उन्हाळ्यात कधीकधी सगळा पाक जळून जातो आणि खेडूत नुसता बघत बसतो.

आता मात्र हिच्यानं राहवेना. बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात वर केला. ही तिची खूण. बांगड्या वर गेल्या की समजायचं, आता कोणाचं तरी काही खरं नाही. झारा घेऊनच उभी राहिली आणि आमच्या मराठी-गुजराती-अहिराणी खिचडीत म्हणाली, "साहेब, बघत कशाला बसायचं? गॅस बारीक करवानो!"

मंडप हसायला लागला तो थांबेना. सविताबेन पदरात तोंड घालून बसली. तेव्हा आम्हाला कळलं, की गुजरातीत पाक म्हणजे पीक. उसाचा पाक म्हणजे रानात उभा असलेला ऊस.

मी म्हणालो, "चल, उठ, घरी जाऊ." ती उठली नाही. हसून हसून तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. साहेब भला माणूस. पोट धरून हसला, मग म्हणाला, "बेन, पण तमारो पाक केवो थाय? ए पण कहो." हिनं तिथंच उभ्याउभ्या सांगितलं. एकतारीवर उतरवला तर लाडू मऊ राहतो, पुढं नेला तर चिक्की होते, त्याच्याही पुढं नेला तर नवऱ्याच्या कवळीची वाट लागते. माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. सगळ्यांनी वळून माझं तोंड बघितलं.

त्या दिवसापासून त्या मुलखात ती 'पाकवाळां बेन' झाली.

मग काय, शिबिर सुटेना. माती तपासायचं शिबिर होतं तेव्हा गच्चीवरच्या वांग्याच्या डब्यातली माती साडीच्या रिकाम्या पिशवीत घेऊन गेली. टेबलावरच्या मुलीनं विचारलं, सर्वे नंबर काय? ही म्हणाली, "तिसरा माळा." मुलीनं मान वर करून बघितलं. "अने पाणीनी सगवड?" म्हणजे पाण्याची सोय. "सकाळी नळ येतो तेवढीच."

गांडूळखताच्या शिबिरातून डब्यात गांडुळं घेऊन आली. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, डब्यात काय आहे? हिनं उघडून दाखवलं. बारडोलीपासून सुरतेपर्यंत आम्हाला अख्खं बाकडं मोकळं मिळालं.

जेवण असायचंच. डाळ-भात, शाक, पुरी. पहिला घास घेतला की हिचं ठरलेलं वाक्य, "इनामा बी पाक!" म्हणजे यातही पाक. गुजराती डाळीत गूळ असतो, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. पण दोनदा वाढून घ्यायची.

मी चिडवायचो. "कुठं आहे तुझं शेत? कशाला मरमर मरते?"

"शेत नाही म्हनून काय शिकानं बी नाही?" ती म्हणायची. मी चौथीत शाळा सोडली आणि ती शाळेच्या बाहेरूनच मोठी झाली. मांडवात खुर्ची मिळते, समोरचा माणूस आपल्याला काही समजावून सांगतो, आपण हात वर केला तर थांबतो आणि ऐकतो. तिला याचंच अप्रूप होतं. एकदा मला म्हणाली होती, "साहेब माले 'बोलो बेन' म्हनस ना, तव्हय माले कसं भारी वाटस."

मग तिच्या मनात एक गोष्ट बसली. गावच्या बाया ऊस पिकवायच्या, गूळ घरात असायचा, आणि पोरांना चिक्की दुकानातून आणायच्या. ही त्यांना तोंडावर म्हणायची, "ऊस तुमचा, गूळ तुमचा, आन चिक्की दुकानवाल्याची? लाजा नाही वाटत?" बाया हसायच्या आणि म्हणायच्या, मग तुम्ही शिकवा. तेव्हापासून तिला खुर्चीवर बसणं पुरेना. एकदा तरी त्या माईकपाशी उभं राहायचं होतं.

साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, शिकवणारा खेडूतच, म्हणजे शेतकरीच पाहिजे, नियम आहे. "तमे खातेदार छो, बेन?" खातेदार म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे तो.

ही ताठ उभी राहून म्हणाली, "हो तर! आमचे हे जन्मभर खात्यातच होते."

सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. साहेब माझ्याकडे बघतात, मी साहेबांकडे. ती चुकून बोलली की मुद्दाम, ते मला आजवर कळलं नाही. विचारलं तर म्हणायची, "तुम्ही खात्यात नव्हते का? मंग मी काय खोटं बोलनी?"

साहेब हसले, पण नियम काही हसला नाही. दर हिवाळ्यात ती विचारायची आणि साहेब म्हणायचे, "जोईशुं, बेन." बघू. ती घरी येऊन म्हणायची, "बघू म्हने. यांना डोळास्लेबी काही दिसत नाही वाटतं."

या हिवाळ्यात काय झालं, तर गावच्या बायाच उठल्या. ठिबकचं भाषण चालू होतं, त्यातून एक उठली आणि म्हणाली, आम्हाला पाकवाळां बेन पाहिजे. मग दुसरी उठली. मग सगळ्यांनी बांगड्या कोपराकडे सारून हात वर केले. हे बायांनी हिच्याकडूनच उचललेलं. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "रविवारे. अर्धो कलाक. तमे जीत्यां."

अर्धा तास! ती त्या दिवशी बसमध्ये बसलीच नाही. जागा असून दांडा धरून उभी राहिली. म्हणाली, "उभं ऱ्हावानी सवय कराले पाहिजे."

त्या आठवड्यात तिनं घरात मला समोर बसवून भाषण केलं, रोज. लाटणं म्हणजे माईक. "भगिनींनो" म्हणायचं की "बेनो" म्हणायचं, यावरून आमचं भांडण झालं. "मी एकटा म्हातारा बसलोय, मला भगिनी म्हणतेस?" म्हटलं तर म्हणाली, "मंग साडी नेसा."

आणि मग तो शनिवार. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. गुळाची ढेप, तीळ, झारा, मधली कढई. मोठ्या कढईत एकदा शेवटचं करून बघू म्हणाली. पहिल्यांदा तार तुटली, ते वर सांगितलंच. तिनं दोन मिनिटं ढवळलं आणि परत थेंब माझ्या अंगठ्यावर टेकवला.

"आते?"

मी बोट उचललं. तार आली, लांब झाली, दिव्याच्या उजेडात चमकली आणि तशीच राहिली.

"उनी," मी म्हणालो.

"उनी? मंग उतारा." चेहरा असा फुलला होता, जणू माईक हातात आलाच. "तुम्हीच ताटात ओता. मी टेकते जराशी."

ती भिंतीला टेकून बसली. मी कढई उतरवली, पाक ओतायला लागलो. मधेच म्हणालो, ताटाला तूप लावलंस का गं? उत्तर आलं नाही. माझ्या एकाही बोलण्याला तिनं कधी उत्तर दिल्यावाचून सोडलं नव्हतं. वळायच्या आधीच मला कळलं.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले, मान हलवून गेले. रडणं वगैरे लिहीत नाही. ज्याचं गेलंय त्याला माहीत आहे, बाकीच्यांना सांगून कळत नाही.

सकाळी घर भरलं होतं. मुलगा नंदुरबारहून निघाला होता, त्याच्यासाठी थांबलो होतो. गल्लीतली माणसं बांबू-सुतळीच्या तयारीला लागली होती. सविताबेन रात्रभर हिच्या उशाशी बसलेली. शिबिराचं कोणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं.

तेवढ्यात खाली जीपचा भोंगा वाजला. गावच्या दोन बाया हिला न्यायला आल्या होत्या, नव्या साड्या नेसून. खालूनच हाक, "पाकवाळां बेन! चालो, चालो, मांडवो भराई गयो!"

सविताबेन खाली गेली. मी वरून बघत होतो. बायांनी तोंडाला पदर लावले. मग त्यांतली थोरली म्हणाली, "आजे शिबिर बंध रखावीए." बंद ठेवू.

मी दाराजवळची पिशवी उचलली आणि जिना उतरलो. लोक म्हणाले, बाबा, तुम्ही कुठं? मी थांबलो नाही.

"बंद कशाला?" मी बाईला म्हणालो. "बाया बसल्यात ना?"

"बेठी छे, काका."

"मग त्यांना काय नुसता डाळ-भात घालून घरी पाठवणार? तिला चाललं असतं का?" मी पिशवी जीपमध्ये ठेवली. "सगळं आहे यात. तिनंच भरलंय."

थोरली बाई रडत म्हणाली, "पण अमने क्यां आवडे छे, काका? तार केवी रीते जोवानी?" आम्हाला कुठं येतं, तार बघायची कशी?

माझ्याजवळ पाक नव्हता. घरातली चूल बंद होती. मी हात पुढं केला. अंगठ्यावर बोट दाबलं आणि हळूहळू उचललं.

"एवढी. इथं तुटली तर थांबायचं, घाई नाही करायची. एवढी होऊन राहिली, की आली. लगेच उतरवायचं. आणि ताटाला आधी तूप."

तिनं पदरानं हात पुसला. अंगठ्यावर बोट दाबलं, माझ्या बोटांकडे बघत हळूहळू उचललं आणि हात तसाच माझ्यापुढं धरला.

"आवी, काका?"

मी वाकून नीट बघितलं.

"उनी," मी म्हणालो. "उतारा."