लगतच्या खातेदारांना नोटीस

देवावर बोलणाऱ्या माणसाची माझ्या मामेसासऱ्यांइतकी पंचाईत करणारा गृहस्थ अख्ख्या कोल्हापुरात दुसरा सापडायचा नाही. मामांची सारी नोकरी मोजणी खात्यात झाली. बिद्रीपासून कोडोलीपर्यंतची शिवारं त्यांनी पायाखाली घातलेली. त्या खात्याचा नियम असा, की कुणाच्याही रानाची हद्द ठरवायची तर आधी लगतच्या खातेदारांना नोटीस द्यायची; एकट्या मालकाच्या सांगण्यावरून मोजणी होत नाही. निवृत्त झाल्यावर मामांनी हा नियम थेट परमेश्वराला लावला. पेठेतल्या एका प्रवचनात महाराज म्हणाले, देवाचं खरं स्वरूप फक्त आपल्याच धर्माला उमगलं आहे. झालं, मामा उभे. "महाराज, लगतच्यास्नी नोटीस दिलीसा काय?" मंडपात हशा पिकला. संयोजकांनी मामांना दंडाला धरून बाहेर नेलं आणि, कोल्हापूरच ते, चहा पाजून घरी पाठवलं.

मामांचे स्वतःचे लगतवाले तिघे: किराणा दुकानवाले जैन अण्णा, शिवणकाम करणारे चाचा आणि निवृत्त बौद्ध गुरुजी. रोज सकाळी अण्णांच्या दुकानाच्या पायरीवर बैठक. देवाला रूपच नाही, असं चाचांनी म्हटलं की मामा वहीत हद्दीची एक रेघ मारत. जग कुणी घडवलेलंच नाही, असं अण्णा म्हणाले की दुसरी. गुरुजी वैतागत. "आमच्यात देवच न्हाय, मला कशाला बोलवतासा?" त्यावर मामा खवळत. "पड रान असलं तरी सही लागतीच की, गुरुजी." आवाज असा, की रस्त्यानं जाणारा पावणा थांबून विचारी, भांडण कशावरून लागलंय. मला त्या भांडणांचं वेड लागलं होतं. तिथं कुणी कधी जिंकलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी चौघेही हजर असत.

मग मामींच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. सकाळी मामींना आत नेलं आणि मामांनी फोन काढला. सगळा मजला ऐकेल अशा आवाजात तिघांनाही एकेक करून तेच सांगितलं, "देव कुणाच्या हद्दीत हाय, ठावं न्हाय. तुमी तुमच्या बाजूनं हाक मारा." चाचांनी मशीन थांबवून दुवा मागितली. अण्णा दुकान बंद करून बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, जाऊन बसले. गुरुजी मात्र तडक रुग्णालयात आले. "मी हाक कुणाला मारू? रक्त घ्या," म्हणाले आणि बाही वर करून बसले. मला त्या तिघांच्याही पाया पडावंसं वाटलं.

मामी वाचल्या. घरी आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मग कुणाचा देव आला वो?"

मी कान टवकारले. "मोजणी अजून व्हायची हाय," मामा म्हणाले, पण आवाज एकदम खाली आला. "तिघांस्नी हाक मारायला लावली. मला मातुर मारता येईना. दुसऱ्यांची रानं मोजण्यात जल्म गेला. माझी बाजू कंची, त्ये बघायचंच ऱ्हायलं."

मामी पलंगावर जरा सरकल्या. "हितं बसा," त्या म्हणाल्या, "माझ्या लगत."

मामा बसले.