पालखीच्या मागे लावलेली गाडी

"धीर धर" असं मला जन्मभर सगळ्यांनी सांगितलं, आणि मला त्या दोन शब्दांचीच चीड. त्या शिमग्यात तर देवाचं नावही नकोसं झालं होतं. माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी, पोलादपूरला आली होती. रात्रभर कळा दिल्या, ऊन चढलं तरी सुटका नाही. सुईणीने मला परसात बोलावलं आणि हळूच म्हणाली, "वहिनी, मूल आडवं हाय. आता माझ्या हातात काय नाय. महाडला डॉक्टरकडं न्या." आमचे हे दुकानाचा माल आणायला मुंबईला गेलेले. मी बैलगाडीत पेंढ्यावर गोधड्या पसरल्या, लेकीला निजवलं, चादरीचा आडोसा केला आणि कापडे गावच्या गणू गाडीवानाला म्हटलं, "हाण बाबा, थांबू नकोस कुठे." सासरच्यांनी धडधाकट पोर माझ्या हवाली केली होती. तिला काही झालं तर मी कुठल्या तोंडाने जगणार होते?

निम्म्या वाटेवर, जिथे एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला सावित्री नदीची खोल दरी, तिथे गाडी थांबली ती थांबलीच. मुंबईचे चाकरमानी दासगावच्या बंदरात उतरून ट्रंका-वळकट्यांनी लादलेल्या गाड्यांतून वर येत होते. आमच्या बाजूने घाटावरच्या गुळाच्या गाड्या बंदराकडे उतरत होत्या. त्यात उतारू नेणारी एक सर्व्हिस मोटार मध्येच नाक खुपसून उभी. तिच्या भोंग्याने बैल बिथरले आणि एक मिठाची गाडी रस्त्यात आडवी झाली. भरलेली गाडी मागे सारायची नाही, हा गाडीवानांचा कायदा. आणि इथे दोन्हीकडच्या गाड्या भरलेल्या! जो तो आपल्या जागी हटून बसलेला. मी खाली उतरून पुढे धावले, हात जोडले, मग ओरडले, मग चक्क शिव्या दिल्या. मोटारीचा ड्रायव्हर, मुंबईचं पाणी प्यालेला, विडी झटकत म्हणाला, "बाई, टाइम लगेगा. मी काय उडवत नेऊ का गाडी?"

परत आले तर लेक नुसती कण्हत होती. ओठ सुकून पांढरे पडलेले. मी दोन पावलं पुढे जायची, दोन मागे यायची, गणूवर खेकसायची. तेवढ्यात मागून ढोल ऐकू आले. शेजारच्या गावच्या देवीची पालखी शिमग्याची गावच्या शिवेवर निघाली होती. पालखीला ओलांडून कुणी पुढे जात नाही. आणि आता गाडी-गाडीपाशी नारळ फुटणार, ओट्या भरल्या जाणार, म्हणजे दिवस इथेच मावळणार. त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. गाडीत अडलेली बाई, कपडे रक्ताने भरलेले. हा विटाळ देवीच्या वाटेवर आला तर? मी गणूला गाडी रांगेतून काढून डोंगराकडेच्या खडकाला भिडवायला लावली. इतका वेळ भांडून राखलेली जागा मीच सोडली. चादर चारी बाजूंनी खोचली, गाडीला पाठ लावून उभी राहिले आणि मनात देवीला म्हटलं, 'बाई गं, तुझ्या वाटेत मी आले नाही. आता तूही माझ्या वाटेतून लवकर जा.' प्रार्थना कसली, भांडणच ते.

पालखी आली, आणि सरळ पुढे जायची ती डोंगराच्या अंगाला कलली. खांदेकऱ्यांनी ती सावरायला पाहिलं. पुन्हा कलली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. देवीनेच ओढलं असं ते नंतर सांगत. मी तेव्हा एवढंच पाहिलं, की चौघांचे पाय माझ्याकडे वळले होते. म्हातारा गुरव पुढे झाला.

"गाडीत कोण हाय गो माय?"

खोटं बोलायचं असं ठरवलं होतं, पण तोंडातून खरंच निघालं. "माझी लेक आहे हो. अडली आहे. विटाळ आहे, पुढे येऊ नका."

गुरव उलट आणखी जवळ आला. "देवीला बाळंतपण ठावं नाय व्हय? एवढी लेकरं हायत तिची. लाव गाडी आमच्या मागं!"

मग त्याने जी आरोळी ठोकली! "ओट्या मागनं! नारळ मागनं! वाट सोडा रे!" जे गाडीवान माझ्यासाठी वीतभर हलले नव्हते, त्यांनी देवीसाठी बैल सोडले. चाकरमान्यांनी बूट काढून फेकले आणि खांदे लावून भरल्या गाड्या डोंगराच्या कडेला उचलून ठेवल्या. मोटार माणसांनी रेटून मागे नेली. ड्रायव्हर स्वतः ढकलत होता. पालखी धावत होती, मागे आमची गाडी, आणि मी चाकाशेजारून अनवाणी पळत होते, रडत होते. शिवेवर पालखी थांबली. तिच्यापुढचा रस्ता मोकळा होता. आभार मानायलाही मी थांबले नाही.

महाडला डॉक्टरांनी लेकीला आत नेलं आणि दार लोटलं. आता माझ्या हाती करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. धावायला रस्ता नाही, भांडायला माणूस नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी ओसरीवर गप्प बसले आणि म्हटलं, 'तुला हवं ते कर.' मनापासून म्हटलं का, ते आजही सांगता येत नाही.

डॉक्टर बाहेर आले. मूल पोटातच गेलं होतं. "घटकाभर उशीर झाला असता, तर हीसुद्धा हाती लागली नसती," ते म्हणाले.

मला देवीकडून दोन जीव हवे होते. एक मिळाला. त्याबद्दल तिचे उपकार मानायला मला फार दिवस लागले. आधी पुष्कळ भांडले तिच्याशी. आता मानते, रोज मानते. स्वभाव काही बदलला नाही, गाडी अडली की जीव अजून खालीवर होतो. पण सगळं आपल्याच ओढण्याने पुढे जातं, असं आता वाटत नाही.

त्या संध्याकाळी लेकीने डोळे उघडले आणि विचारलं, "आई, पोचलो का गं आपण?"

"हो बाळ, पोचलो," मी म्हटलं. तिचा हात कुशीत काहीतरी चाचपडू लागला. तो मी माझ्या दोन्ही हातांत घेतला, आणि तिला सगळं कळेपर्यंत तशीच बसून राहिले.