स्टुलावरच्या बारा कोंबड्या

माझ्या नणंदेने आयुष्यभर लोकांचं रक्त तपासलं आणि त्याच नजरेने नातेवाईकही तपासले. इस्पितळाच्या लॅबमध्ये त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायच्या. लग्न केलं नाही. कुणी भोचकपणे कारण विचारलंच तर म्हणायच्या, "आलेले सगळे नमुने पाहिले."

पगार चांगला, मागे कुणाचं लटांबर नाही, तेव्हा वन्संना एखादा नाद लागणार हे उघडच होतं. तो लागला छापचित्रांचा. चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, रेघांत शाई भरायची, वरची हाताने पुसून काढायची आणि ओला कागद घालून पत्रा दाबयंत्रातून फिरवायचा. ठरवलेल्या तेवढ्याच प्रती काढायच्या. प्रत्येकीखाली पेन्सिलीने नंबर घालून सही करायची आणि शेवटी पत्र्यावर फुली ओरखडायची, म्हणजे पुन्हा जन्मात कुणाला प्रत काढता यायला नको. याला लिमिटेड एडिशन म्हणतात, हे वन्संनी आम्हाला जेवताना समजावून सांगितलं. आमचे हे, म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, भात कालवता कालवता म्हणाले, "घेणारेही लिमिटेडच असतील."

वन्सं ही चित्रं स्वतःसाठी घेत असत्या तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. त्या ती भेट द्यायच्या. कुणाचं लग्न ठरो, कुणाला मूल होवो, कुणी नवं घर घेवो, वन्सं काखेत चपटं पार्सल घेऊन हजर. पार्सल चपटं दिसलं की घरच्यांचे चेहरेही चपटे व्हायचे. मिक्सर चपटा नसतो. भेट दिल्यावर सहा महिन्यांनी त्या चहाला यायच्या आणि भिंती बघायच्या. चित्र दिसलं नाही तर चहा अर्धा टाकून उठायच्या.

कोंबडीचं प्रकरण यातलंच. एका गल्लीच्या टोकाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे, एका छापचित्रवाल्याची खोली होती. त्याने स्टुलावर बसलेली एक कोंबडी कोरली होती. बाकी काही नाही. एक स्टूल, त्याचा एक पाय जरासा आखूड, आणि वर एक कोंबडी, जगाशी आपलं काही देणंघेणं नाही अशा चेहऱ्याची. बारा प्रती काढल्या, एकही खपली नाही. वन्संनी बाराच्या बारा उचलल्या, एक स्वतःला ठेवली आणि पुढच्या काही वर्षांत उरलेल्या अकरा कोंबड्या आमच्या कुटुंबात सोडल्या. माझ्या धाकट्या जावेने आपल्या चित्राखालचा पेन्सिलीतला आकडा वाचला, ३/१२, आणि माझ्या कानाशी लागली, "ताई, बारापैकी तीन? एवढं काय वाईट वागले हो मी यांच्याशी?"

मग वन्संचे डोळे गेले. पूर्ण नव्हे. नजरेच्या बरोबर मध्ये एक करडा डाग आला, कडेकडेचं दिसत राहिलं. डॉक्टरांनी सांगितलं, डाग वाढत जाणार. वन्संनी रडारड केली नाही. त्यांनी सगळ्यांना फोन केले.

मला म्हणाल्या, "वहिनी, येत्या रविवारी माझ्याकडे यायचं. कोंबडी घेऊन. फ्रेममधून काढून."

"आता काय तिचं?"

"हाताने पुसलेली शाई दोनदा सारखी पुसली जात नाही. बारा कोंबड्या बारा तऱ्हेच्या आहेत. मी त्या एकदाच एकत्र पाहिल्या, दोरीवर ओल्या लटकत होत्या तेव्हा, आणि तेव्हा मला वाटलं, बघू की नंतर निवांत. आता नंतर राहिलेलं नाही. सगळ्या शेजारी शेजारी लावून एकदा नीट बघायच्या आहेत."

त्यांनी बाहेरची खोली रिकामी केली, सोफा जिन्यात काढला आणि भिंतीवर बारा खिळे ठोकून घेतले.

इकडे कुटुंबात धावपळ उडाली. माझी माझ्याकडे होती. ती मी पलंगासमोर टांगलेली. "ही माझ्यावर पाळत ठेवते," अशी ह्यांची शेवटपर्यंत तक्रार होती. जावेची होती, पण टीपॉयच्या काचेखाली, आणि काचेला चीर असल्यामुळे तिच्यावर चहाची वर्तुळं उमटलेली. एका चुलत दिरांनी आपली कपाटामागे कोंबून ठेवली होती, त्यामुळे ती अगदी कोरी करकरीत निघाली. बाकी आठ जणांच्या कोंबड्या उडून गेल्या होत्या. जावेचा मुलगा दातांचा डॉक्टर आहे. त्याची दवाखान्याच्या नूतनीकरणात विटांच्या तुकड्यांबरोबर गेली. माझ्या लेकीने तिची पुढे कुणाला तरी सरकवली होती.

दातांच्या डॉक्टरने माझ्याच स्वयंपाकघरात बैठक घेतली.

"काकू, तुझी कोंबडी एक दिवस दे. स्कॅन करतो, जाड कागदावर आठ छापून घेतो, पेन्सिलीने नंबर घातले की झालं."

"आणि तुझ्या आत्याला कळलं म्हणजे?"

"आत्याला दिसतंय कुठे आता!"

"असं बोलतात का रे," लेक म्हणाली, आणि लगेच मला म्हणाली, "पण आई, दे ना. तिला बारा बघायच्यात, बारा दिसतील. वाईट काय त्यात?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रात्री डायरीत लिहिलं: कोंबडी बाहेर गेली. सकाळी डायरीत लिहिलं: आली.

रविवारी सगळे जमले. भिंतीवर बारा कोंबड्या ओळीने बसल्या आणि खरं सांगते, लांबून मला माझी ओळखू येईना. जावेचा मुलगा हात मागे बांधून, अवघड दाढ काढल्यासारखा प्रसन्न उभा होता. वन्सं आतून आल्या. डाग चुकवून बघायचं तर मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघावं लागतं. त्या पहिल्या चित्रासमोर तशा उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी हात पुढे केला आणि चित्राच्या कडेने बोट फिरवलं.

वन्संनी चित्रं फ्रेममधून काढून आणायला का सांगितली होती, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. दाबयंत्रात तांब्याचा पत्रा कागदात रुततो. चित्राभोवती त्याची खोलगट कड उमटते, बोटाला लागते.

"ही माझी," वन्सं म्हणाल्या. पुढच्या चित्रावर बोट फिरवलं. थांबल्या. पुन्हा फिरवलं. "ही सपाट आहे." तिसरी. "ही पण सपाट." चौथी जावेची होती. "ही खरी. हिच्यावर चहा कुणी सांडला?"

जाऊ म्हणाली, "मीच."

"निदान जवळ तरी ठेवलीस."

ओळ संपली तेव्हा चार खऱ्या आणि आठ सपाट निघाल्या. वन्सं स्टुलावर बसल्या. मला वाटलं, आता सगळ्यांना बाहेर काढतील. त्यांचा आवाज मात्र लॅबमधला निघाला. "सपाट उतरवा. वहिनी, तुमचं अक्षर कॉन्व्हेंटचं आहे. कागदाचे तुकडे घ्या. प्रत्येक रिकाम्या खिळ्याखाली लिहा, कोंबडी कुठे गेली. ज्याची त्याने सांगायची. खरं."

असलं लेखनिकपण मी जन्मात केलेलं नाही. दातांचा डॉक्टर, पंचेचाळिशीचा बाप्या, माझ्यासमोर उभा राहून पुटपुटला, "राबिटबरोबर गेली." मी ते वळणदार अक्षरात लिहिलं. एक भाचेसून म्हणाली, "मुलाच्या शाळेच्या प्रकल्पाला मागची बाजू वापरली." एका पुतण्याने घर बदलताना ती जुन्या भाडेकरूची समजून तिथेच ठेवली होती. "जुन्या भाडेकरूची!" वन्सं म्हणाल्या. "तिथला नवा भाडेकरू सुखी असो."

लेकीची पाळी आली. "माझे साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांना दिली. दुसरं काही आणायचं राहून गेलं होतं."

"नंबर आहे त्यांचा?"

"आत्या, मी काय सांगू त्यांना?"

"खरं. सवय कर."

लेकीने गॅलरीत जाऊन फोन केला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आली. "देणार नाही म्हणाले. पण दाखवायला आणतो म्हणाले."

साहेब रिक्षाने आले. ढगळ स्वेटर घातलेला लहानखुरा माणूस, फ्रेममधून काढलेलं चित्र उशीच्या अभ्र्यात गुंडाळून छातीशी धरलेलं. त्यांनी ते खिळ्यावर स्वतः लावलं आणि बाजूलाच उभे राहिले, आपण पाठ फिरवली तर कोणी उचलेल अशा धास्तीने. वन्संनी बोट फिरवलं. कड लागली.

मग त्यांनी पाचही चित्रं एकमेकांना खेटून लावायला लावली, टेबललॅम्प जवळ ओढला आणि बघत बसल्या. मान या बाजूला, मान त्या बाजूला. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "वहिनींची रुसलेली आहे. कपाटामागचीला अजून काही माहीतच नाही. आणि तुमची," त्या साहेबांकडे वळल्या, "तुमचीवर शाई जास्त राहिलीय. संध्याकाळ झालीय तिच्याकडे."

"म्हणून तर," साहेब म्हणाले. "मी रोज संध्याकाळीच बघतो. बायको म्हणते, हिला दाणे तरी टाका."

"माझ्याशी बदलता? माझी पहिला नंबर आहे."

"नाही."

"माझे डोळे जाताहेत हो."

"वाईट वाटतं. पण नाही."

वन्सं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. जाऊ पाणी आणायला धावली. ठसका आवरून त्यांनी माझ्या लेकीला जवळ बोलावलं. "हे चित्र यांना तू दिलंस?"

"हो, आत्या."

"आमच्या घराण्यात एवढी अक्कल कुणी दाखवलेली नाही," वन्सं म्हणाल्या, आणि साहेबांसाठी स्टूल सोडून स्वतः चहा टाकायला उठल्या. जाता जाता त्यांनी आठ सपाट कोंबड्या गोळा केल्या आणि दातांच्या डॉक्टरच्या हातात ठेवल्या. "लाव दवाखान्यात. सगळ्या."