सुमनताईंचा डोळा आणि मालकांचं कार्पेट

"अर्धा लिटर पाण्यात किती लिंबं पिळू? तेवढंच सांगा."

फोनवर आमचे मालक होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. अंबडला त्यांचं प्लेटिंगचं, म्हणजे धातूला मुलामा द्यायचं युनिट होतं आणि मी तिथे केमिस्ट होतो. प्लेटिंगआधी जॉबवरचं, म्हणजे मुलामा द्यायच्या भागांवरचं तेल काढायला कॉस्टिक सोडा लागतो. घरची मोरी तुंबली म्हणून मालकांनी तोच बरणीभर घरी नेला होता. बरणीवर लेबल नाही. घरकामाला येणाऱ्या सुमनताईंना सांगितलं काय, तर "ही पावडर ओत." ओतल्याबरोबर पाणी उसळलं आणि त्यांच्या उजव्या डोळ्यात गेलं.

"लिंबूबिंबू काही नको. डोळा नळाखाली धरा," मी म्हणालो.

"अहो, अल्कलीवर ॲसिड. फॅक्टरीत सोड्याच्या टाकीला तुम्हीच करता ना? हिशेब सांगा."

"टाकी आंधळी होत नाही, साहेब! लिंबाने डोळा आणखी भाजेल. पाणी चालू ठेवा."

"दोन मिनिटं मारलं की. मोरी तुंबलेली, पाणी हॉलमध्ये यायला लागलं. तिथे कार्पेट आहे. मग नळ बंद केला."

माझं डोकंच फिरलं. बाईचा डोळा जातोय आणि हा माणूस कार्पेट सांभाळतोय.

"बागेत न्या! झाडांच्या नळीखाली बसवा. आत्ता!" मालकांवर मी पहिल्यांदाच ओरडलो आणि स्कूटर काढली.

बंगला जवळच होता. सुमनताई हिरवळीवर पाटावर बसल्या होत्या. नळी मालकांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या हातात होती. पण डोळा गच्च मिटलेला. मिटलेल्या पापणीवरून कितीही पाणी गेलं तरी आतलं कॉस्टिक आतच राहतं. मी हात धुतले, पापण्या दोन बोटांनी उघड्या धरल्या. नळीची धार मंद करायला सांगितली. मान उजवीकडे कलती केली. पाणी नाकाच्या बाजूने कानाकडे जायला हवं, नाहीतर घाण चांगल्या डोळ्यात उतरते.

"डोळा चोळू नका, ताई. वर बघा. आता खाली."

"लय झोंबतंय, भाऊ." मग दात आवळून म्हणाल्या, "मोगऱ्याला बी एवढं पाणी नाय घालीत मी."

मालक घड्याळ बघत होते. "झालं की आता. बरं वाटतंय ना गं?"

"थोडं बरं हाय, साहेब."

"बघा! पुरे करा."

"निदान अर्धा तास," मी म्हणालो. "कॉस्टिक आत शिरत राहतं. आग कमी झाली म्हणजे ते गेलं असं नाही. नंतर लगेच हॉस्पिटल."

"हॉस्पिटल कशाला? उगाच पोलीस केस व्हायची."

वहिनींनी नळी खाली न ठेवताच सांगितलं, "गाडी काढा."

वाटेतही मागच्या सीटवर मी बाटलीतून पाणी सोडत होतो. सीट भिजली. मालक आरशातून बघत राहिले. डॉक्टरांनी डोळ्याला पीएच तपासायची पट्टी लावली. अजून अल्कली होतीच. त्यांनी पुन्हा सलाईनने धुवायला घेतलं. डोळा वाचला. बुबुळावर एक पुसट डाग राहिला.

पुढच्या आठवड्यात फॅक्टरीत नोटीस लागली: 'कामगारांनी केमिकल घरी नेल्यास कडक कारवाई होईल.' आणि वहिनींकडून कळलं की सुमनताईंचे खाडे मांडून पगार कापायचं चाललं आहे. मी केबिनमध्ये गेलो.

"केमिकल कोणत्या कामगाराने नेलं, साहेब?"

"जनरल नोटीस आहे ती."

"आणि खाडे? ते पण जनरल?"

"तुम्ही तुमचं काम बघा."

"तेच बघतोय. पोलिसांनी विचारलं तर बरणी कुठून आली, ते मलाच सांगावं लागेल."



डोळ्यात काहीही गेलं तरी उतारा शोधत बसू नये. स्वच्छ पाणी, उघडी पापणी, भरपूर वेळ आणि मग डॉक्टर, एवढंच करावं. नोटीस लावायचीच असेल तर ही लावावी.

हॉस्पिटलचं बिल मालकांनी भरलं. पगार सुमनताईंच्या हातात पुरा पडला. तो मोजून घेऊन त्यांनी ते काम सोडलं.