माझ्या हातातलं चौसिंग्याचं पिल्लू

परवा मुदखेडला आमची शेळी व्याली. त्या ओल्या पिल्लाचा वास आला अन् मला ते चौसिंग्याचं पिल्लू आठवलं.

लई वर्सं झाली. नांदेडकडं एका ठिकानी चौसिंगे, म्हंजे चार शिंगांची बारकी हरनं, पाळून त्यायची पैदास करायचे. तिथं मी चारा टाकायला होतो. एकुलती एक मादी व्याली. पिल्लू गवतात निपचित अन् माय लांब चरून राहिली. मला वाटलं, गेलं! मी पडलो शेळ्यावाला. उचललं, नाक पुसलं, कानात फुंकर मारली. तळहातावर काळीज धडधडलं, तसा मी वरडलो, “बाई, म्या जित्तं केलं!”

तिथल्या जनावरांच्या डॉक्टरबाई पळत आल्या. “मामा, हात लावला? ते मेलं नव्हतं, लपलं होतं! आता मानसाच्या वासानं मायनं पाजलं न्हाई तर?”

मायच्या बसायच्या जागची माती त्यायनी पिल्लाला चोळली अन् परत गवतात ठेवलं. आमी कुडाआड बसलो. माय आली, हुंगली, मागं सरली, पाय आपटला.

“बाई, माझ्या तंबाखूचा वास आला जनू.”

“गप बसा, मामा!”

मादी शिंकली. अन् चाटाय लागली.

तवा मला भ्याव नोकरी जायचं होतं. पिल्लू जगवलं म्हनून गावभर सांगत फिरलो ते येगळंच. आता कळतंय, ते काळीज माझ्या फुंकरीनं न्हाई, मलाच भिऊन धडधडत होतं.