ब्याण्णवचा थर्मोस्टॅट

माझ्या सासूबाई वाईट आहेत. माणूस गेल्यावर सगळेच गोड बोलतात. या धडधाकट आहेत, तेव्हा आत्ताच खरं सांगून टाकते. वीस वर्षं त्यांनी स्वतःच्या जुन्या गाडीवर लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं. निम्मं शहर त्यांच्या शिव्या खाऊन शिकलं. उरलेल्या शिव्या घरी माझ्या वाट्याला. मीही काही कमी नाही म्हणा. आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य!

परवा गाडीचा थर्मोस्टॅट अडकला. इंजिन तापलं की ही झडप उघडते आणि रेडिएटरचं गार पाणी आत येतं, एवढंच तिचं काम. सासूबाईंनी आमच्या ह्यांना नवीन आणायला पिटाळलं. ह्यांनी आणला, बसवलाही. दुसऱ्याच दिवशी चढावर गाडी उकळली. मी शेजारीच बसले होते. पुढे वाफा, मागे ट्रक! घरी येतो तोच हे सुरू झाले, "आई, गाडी म्हातारी झाली, तूही झालीस. आता बास कर." तेही शेजाऱ्यांच्या देखत.

सासूबाईंनी सरळ बॉनेट उघडलं. इंजिन गार झाल्यावर त्यांनी झडप काढली आणि पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवली. माझ्या दुधाच्या पातेल्यात! पाणी उकळायला आलं तेव्हा कुठे झडप हलली. "बघ, काय कोरलंय?" त्यांनी मला विचारलं. मी वाचलं, ब्याण्णव अंश.

"या गाडीला चौऱ्याहत्तरचा लागतो. चल दुकानात."

दुकानदार म्हणाला, "अहो, मी तुमच्या मुलाला चौऱ्याहत्तरचाच काढून दिला होता. हा घेतलात तर चढावर उकळेल, हेही सांगितलं. ते हटूनच बसले, ब्याण्णवचाच द्या."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. घरी पाऊल टाकलं आणि मीच तोंड सोडलं, "लाज वाटते का? मीही होते त्या गाडीत!"

"आईनं गाडी सोडावी म्हणून, तिच्याच भल्यासाठी केलं," हे पुटपुटले. "ऐकते का ती कुणाचं?"

"सांगून तरी बघायचंस!" सासूबाई कडाडल्या. "डोळ्यांच्या डॉक्टरांनी याच आठवड्यात गाडी बंद करायला सांगितलीय. तुझ्या हाती देताना धड असावी, म्हणून झडप बदलायला सांगितली मी. तुझ्या हाती, मेल्या!"

ह्यांचा चेहरा पडला. सासूबाईंनी किल्ली माझ्या हातात कोंबली.

"अगं, हिला? हिचं न् तुझं तर पटत नाही!"

"नाही पटत. पण ही काय ते तोंडावर बोलते."

मला त्यांचा मुळीच पुळका आला नाही. किल्ली मात्र मी घट्ट धरली. मग सासूबाईंनी चौऱ्याहत्तरचा थर्मोस्टॅट आणि पाना ह्यांच्या पुढ्यात आपटला.

"बसव. आणि नीट बसव, बायकोची गाडी आहे."